कँटीनवाल्या आईचं पुढे काय झालं?

सोमवार, ३ फेब्रुवारी

भाताचा घास तोंडात असतानाच सम्यकने सांगून टाकलं — "पुढच्या वर्षी मी या शाळेत नाही." जणू उद्या डबा नको म्हणतोय!

मी विचारलं, का रे? "असंच." मग जाणार कुठे? "गोवंडीला. नानांकडे राहीन, तिथल्या शाळेत जाईन." नाना म्हणजे माझे वडील. त्यांना विचारलंस का, तर म्हणे, "त्यांचं हो आहे." म्हणजे आजोबा-नातवाचं आधीच ठरलंय आणि आईला बातमी शेवटी! सुयोग ताटातून मान वर न काढता म्हणाला, "बघू." नवऱ्याचं हे 'बघू' मी लग्नापासून ऐकतेय.

सम्यक आता आठवीत आहे. नववीत बोर्डाची नोंदणी होते, मग शाळा बदलणं कठीण. म्हणजे आत्ता नाहीतर कधीच नाही. स्टाफच्या मुलांपैकी कोण राहणार आणि कोण जाणार, हे ऑफिसला अठ्ठावीस तारखेपर्यंत सांगायचंय.

मी त्या शाळेत मराठी शिकवते म्हणून तर त्याला तिथे जागा. फी माफ. एरवी तिथली फी भरायची तर मुलुंडचं घर विकावं लागेल, आणि घर तर भाड्याचं! पोहायचा तलाव, रोबोटिक्सची लॅब, जर्मन शिकवायला खरी जर्मन बाई — हे सगळं सोडून याला गोवंडीला जायचंय. मी गोवंडीतून बाहेर पडायला किती धडपडले ते माझं मला माहीत. राग आला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आठवी ब. सम्यकचाच वर्ग. आमच्याकडे मराठीला मार्क नाहीत, नुसती ग्रेड, तीही एकूण निकालात धरत नाहीत. पोरांना हे पक्कं ठाऊक. मी फळ्यावर लिहीत असते आणि मागे गणिताचा गृहपाठ चालतो. धवल तर उघडउघड करतो. वर अदबीने विचारतो, "मिस, तुम्हाला डिस्टर्ब होत नाहीये ना?"

आज गणितही नव्हतं. सगळा वर्ग कुठल्याशा कोरियन मालिकेवर तुटून पडला होता. बड्या घरच्या मुलांची शाळा आणि त्यात एक गरीब मुलगी. निधीचे तर सांगताना डोळे भरून आले. मी म्हटलं, मराठीत सांग, ऐकते. आणि काय सांगू — पोरगी थांबेचना! मध्ये 'ॲक्च्युअली' आणि 'लाइक' पेरलेले होते, पण बोलली. वर्षभर जिच्या तोंडून मी मराठीचं एक सलग वाक्य ऐकलं नव्हतं, ती! "मिस, तुम्ही बघाच. प्रॉमिस करा ना."

केलं प्रॉमिस.

सम्यक खिडकीशी बसतो. तो बाहेर बघत होता. मी वर्गात त्याच्याकडे बघत नाही. शाळेत तो मला 'मिस' म्हणतो, स्टाफच्या सगळ्या मुलांना तसंच सांगितलेलं असतं. तो माझा मुलगा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर मला जास्त जपावं लागतं. त्याने हात वर केला की मी दुसऱ्याला विचारते. त्याचा पेपर ए ग्रेडचा झाला तर पुन्हा तपासते आणि बी देते. परवा स्टाफरूममध्ये म्हणाल्या सगळ्या, "संघमित्रा, तुझं बाई मानायला हवं!" छाती फुगली माझी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून मालिका लावली. नाव इंग्रजी आहे, मी माझ्यापुरतं 'सोनेरी गणवेश' ठेवलं. आधी हिंदी डबिंग लावून पाहिलं, ते ऐकवेना. मग कोरियन आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं.

छान आहे! खरंच छान. शाळा कसली, राजवाडाच. हिरॉइनचं नाव सोयून. तिची आई त्याच शाळेच्या कँटीनमध्ये वाढायला आहे आणि म्हणूनच सोयूनला तिथे प्रवेश मिळालाय. मी सरसावून बसले. हे तर आमचंच घर! शिवाय एक श्रीमंत मुलगा आहे, केस कायम डोळ्यांवर. त्याचं नाव लक्षात राहीना म्हणून मी त्याला झिपऱ्या म्हणायचं ठरवलं.

सम्यक पाणी प्यायला आला आणि फ्रिजपाशीच थबकला. "तू हे बघतेस?" जणू मला सिगरेट ओढताना पकडलं! म्हटलं, तू बघितलंयस? "नाही. सगळे बोलतात फक्त." मग सोफ्याच्या हातावर टेकला. मग सोफ्यावर. सोमवारपासून पहिल्यांदा माझ्या शेजारी बसला. मी हललेसुद्धा नाही, उठून गेला तर?

रविवार, ९ फेब्रुवारी

आजच्या भागात जेवणाची सुट्टी. मुलं ताटं घेऊन रांगेत. सोयूनची आई वाढतेय — प्रत्येकाला मटणाचे दोन मोठे तुकडे. सोयूनची पाळी आली. आईने मान वर केलीच नाही. एकच तुकडा, तोही लहान. मागच्या मुलीला पुन्हा दोन.

मला भरून आलं. म्हटलं, बघ रे, किती सरळ बाई! पोरीवर कुणी बोट दाखवू नये म्हणून करतेय.

सम्यक म्हणाला, "पण भूक तर तिला पण लागली असेल ना."

"अरे पण लोक काय म्हणतील—"

"लोकांना दोन दिले की तिने."

आणि उठून आत गेला. मालिका पुढे चालू राहिली, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. हा सोयूनबद्दल बोलत नव्हता. मी त्याला बी देते. हात वर करतो, तेव्हा मी दुसऱ्याला विचारते. गेल्या काही महिन्यांत त्याने हात वर केलाय का, हेच मला आठवेना.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेवताना एक भाग. झिपऱ्याने सोयूनला स्वतःची छत्री दिली आणि हळूहळू चालत निघून गेला. सम्यक म्हणाला, "हा केस का नाही कापत यार?" दोघांची हसून वाट लागली. गोवंडीचा विषय निघाला नाही. जमतंय बहुतेक!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सत्तावीसला मराठी भाषा दिन. वर्षातला माझा एकमेव दिवस. मुली नऊवारी नेसतात, मुलगे फेटे बांधतात, कँटीनमध्ये वडापाव, पालक फोटो काढतात, आणि अठ्ठावीसला पुन्हा मराठीचा तास म्हणजे गणिताचा गृहपाठ. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, यंदा काय? मी म्हटलं, नाटुकलं करू या. त्या म्हणाल्या, "कोळीनृत्यच ठेवा ना. कलरफुल असतं. पेरेंट्सना भाषा कळायची गरज नाही पडत."

मराठीच्या दिवशी भाषा कळायची गरज नाही! मी "हो मॅडम" म्हणून बाहेर आले. माझंही हे असंच, हो मॅडम.

रविवार, १६ फेब्रुवारी

संपली एकदाची. काय हा बट्ट्याबोळ!

सोयून कँटीनवालीची मुलगीच नाही म्हणे! शाळेचा मालक जो चेअरमन, त्याची ती लहानपणी हरवलेली मुलगी. अरे हट्! पाचव्या भागात सगळ्या शाळेसमोर एकटी उभी राहून बोलली होती ती. मी सोफ्यावरून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता कळतं काय, तर रक्तच श्रीमंत होतं. म्हणजे हिंमत, हुशारी, सगळं चेअरमनकडून आलं! माणूस जन्मावरून मोजायचा नसतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालासुद्धा सांगतात. एवढा खर्च करून मालिका काढणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं.

आणि ती आई? गायब! पोरीला बंगल्यात नेलं, नवे कपडे घातले, झिपऱ्याने हात धरला, सगळे बागेत हसत उभे — पण जिने इतकी वर्षं सांभाळलं ती बाई कुठे गेली हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

सम्यक माझ्याहून चिडला. "एक सीन पण नाही? आईचं काय झालं ते तरी दाखवायचं ना! काय फालतूपणा आहे!" रिमोट आपटला. सुयोग आतून ओरडला, "रिमोट काय चेअरमनचा आहे का?" मग तोही बाहेर आला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला सगळी गोष्ट सांगितली, एकमेकांना तोडत, ओरडत. मालिका इतकी वाईट निघाली आणि मी इतकी खूश! आम्ही किती दिवसांनी एका बाजूने भांडलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वर्गात विचारलं, कसा वाटला शेवट? निधी म्हणाली, "मिस, सो क्यूट!" धवल म्हणाला, "ती रिचच निघाली ना, मग प्रॉब्लेम काय? सॉल्व्ह झाला."

मी म्हटलं, आणि आई? कँटीनवाल्या आईचं पुढे काय झालं?

खरंच कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी निधी हळूच म्हणाली, "अरे हां. शी इज मिसिंग." मी म्हटलं, गुरुवारी प्रत्येकाने तो सीन लिहून आणायचा. मराठीत. चुकलं तरी चालेल, फक्त आई परत आली पाहिजे.

धवलने गणिताचं पुस्तक मिटलं. देवाशप्पथ! — नाही, आम्ही देवाची शपथ घेत नाही. पण मिटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. एकटीच गोवंडीला गेले, नानांशी भांडायला. दारातच "जयभीम बाळा" म्हणाले आणि चहा टाकला, त्यामुळे निम्मं भांडण तिथेच विरघळलं.

म्हटलं, तुम्ही त्याला हो कसं म्हणालात? "नातू राहायला येतो म्हणाला तर मी नाही म्हणू? माझी इच्छा त्याने तिथेच शिकावं अशीच आहे. पण मी त्याला दारातून परत पाठवणार नाही." आणि मग — "तू विचारलंस का त्याला, का म्हणून?"

"विचारलं. असंच म्हणतो."

"एकदाच विचारलंस."

चहात साखर जास्त होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज घरी आल्या आल्या वही उघडली.

पाच-सहा जणांनी वाचून दाखवलं. कुणाची आई कॅन्सरने मेली, कुणाची पॅरिसला गेली. निधीच्या आईने रेस्टॉरंट काढलं. मग मी म्हटलं, "सम्यक, तू वाच."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी त्याचं नाव घेतलं होतं. त्यालाच खरं वाटेना. उठला, कान लाल.

त्याच्या सीनमध्ये सोयून बंगल्यातून गाडीने शाळेत येते. जेवणाची रांग. आई वाढतेय, खाली मान घालून. सोयून ताट पुढे करते. आई एक तुकडा वाढते, थांबते. मग दुसरा वाढते. मग तिसरा. मग अख्खं भांडंच उचलते. मागून कुणीतरी ओरडतं, हे फेअर नाही! आई पहिल्यांदा मान वर करून म्हणते, "माझी पोरगी आहे. रोज कमी वाढलं, आज जास्त वाढणार. कोणाला काय म्हणायचंय?"

वर्ग हसला. मोठ्याने, मनापासून. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

धवल म्हणाला, "मिस, हे आपण करू या ना! सत्तावीसला! मी आई होतो." सगळे किंचाळले. बिल्डरचा पोरगा, नऊवारी नेसून कँटीनवाली! मी म्हटलं, ठरलं. प्रिन्सिपल मॅडमना विचारायच्या आधीच म्हटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "पण कोळीनृत्य?" मी म्हटलं, तेही ठेवू, आधी नाटुकलं. "पेरेंट्सना कळेल का?" म्हटलं, नाही कळलं तर पोरं समजावतील घरी, मराठीत. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, करा.

रविवार, २३ फेब्रुवारी

सम्यकला घेऊन मुलुंडच्या बाजारात गेले. धवलसाठी मोठं पातेलं आणि डाव हवा होता, घरचं पातेलं स्टेजवर दिसणार नाही. डाव निवडताना पुन्हा विचारलं — का जायचंय तुला? 'असंच' नको.

तो डाव हातात फिरवत राहिला. मग दुकानदार आत गेल्यावर बोलला. "तू आमच्या वर्गात येतेस ना, तेव्हा सगळे दुसरंच काहीतरी करतात. धवल गणितं करतो. मागे काही जण तुझ्या इंग्लिशची नक्कल करतात. तुला ऐकू येत नाही."

येतं, मी म्हटलं. सगळं ऐकू येतं.

"आणि मी बसून राहतो. काहीच बोलत नाही. घरी आल्यावर मला तुझ्याकडे बघवत नाही."

"म्हणजे तुला माझी लाज नाही वाटत?"

"तुझी? तुझी कशाला वाटेल? माझी वाटते." मग म्हणाला, "मला वाटायचं तुलाच माझी वाटते. तू माझ्याकडे बघतच नाहीस."

मी त्या दुकानात, पातेल्यांच्या राशीत उभी राहून त्याला सांगितलं की मी चुकले. ग्रेडचंही सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये. निधीला माझ्यापेक्षा कमी येतं आणि तिला ए असतो." चौदा वर्षांचं पोर सगळं ओळखून होतं आणि मी स्टाफरूममध्ये कौतुक करून घेत होते! खूप वाईट वाटलं. आणि तरी परत येताना पातेलं दोघांनी दोन कान धरून आणलं, तेव्हा मला हलकं वाटत होतं.

राहणार का, हे मात्र विचारलं नाही. धीर झाला नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तालीम. धवलला वाढताच येत नाही! डाव पेनसारखा धरतो. त्याने आयुष्यात कुणाला वाढलेलं नाही. मी हात धरून शिकवलं — असा खाली घालायचा, काठाला निपटायचा, मग ताटात. "मिस, हे हार्ड आहे." हो रे बाबा, आहे.

सम्यक डायरेक्टर. सगळ्यांवर डाफरतो. निधीला म्हणाला, "सोयून रडत नाही इथे, तिला भूक लागलीये!" हा मुलगा गप्प बसणारा आहे, असं कोण म्हणेल?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

झालं! झकास झालं!

धवलची नऊवारी मध्येच सुटायला आली, तर डाव तसाच धरून एका हाताने कासोटा खोचला, आणि अख्खं सभागृह कोसळलं. पण शेवटच्या वाक्याला — "माझी पोरगी आहे" — सगळे चिडीचूप. पुढच्या रांगेत धवलची आई बसली होती, ती डोळे पुसत होती. तिला मराठी येतं की नाही कोण जाणे. कोळीनृत्यालाही टाळ्या पडल्या, पण तेवढ्या नाहीत! मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी मोठं करू या.

पुढच्या वर्षी.

घरी आल्यावर सम्यक गप्प होता. दमला असेल. मी कितीदा त्याच्याकडे पाहिलं, आता म्हणेल, राहतो आई. नाही म्हणाला. दप्तर ठेवलं आणि नानांना फोन लावून आतल्या खोलीत जाऊन बोलत बसला.

मग मला माझाच राग आला. नाटक, डाव, पातेलं, नाव घेऊन वाचायला सांगणं — हे सगळं त्याला थांबवायला केलं का मी? सम्यकने माझ्याकडे या वर्षात एकच गोष्ट मागितली आहे. ती द्यायला नको आणि बाकी लाड करायचे, याला काय अर्थ! सुयोगला म्हटलं, उद्या ऑफिसला सांगते, जाऊ दे त्याला. सुयोग या वेळी 'बघू' म्हणाला नाही. म्हणाला, "सांग. रविवारी गोवंडीला जात जाऊ आपण."

रडले थोडी. पण नक्की ठरलंय. गोवंडीत मीही शिकलेच की, आणि काही वाईट शिकले नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुसरा तास संपल्यावर ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्क सपनाला म्हटलं, सम्यकचं नाव काढ, तो पुढच्या वर्षी नाही. सपना माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, असं काय करतेस? तो सकाळीच येऊन गेला. मी राहतोय म्हणाला, आईला मी घरी सांगेन." मग तीच म्हणाली, "आता मी कोणाचं धरू, तुझं की त्याचं?"

त्याचं धर, म्हटलं.